चार तासांची चूक

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात जोसेफ वेबर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या प्रयोगशाळेत ॲल्युमिनियमचा भलाथोरला दंडगोल टांगलेला असे. अवकाशातून गुरुत्वीय लहर, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आवळत जाणारी लाट, आली की हा दंडगोल किंचित थरथरेल, अशी त्यांची कल्पना. एकाच ठिकाणी थरथर नोंदली गेली तर तिचा काही भरवसा नाही. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, कुणी दार आपटलं असेल. पण शेकडो किलोमीटर अंतरावरच्या दोन दंडगोलांना एकाच क्षणी हुडहुडी भरली तर? १९६९ साली वेबर यांनी मेरिलँड आणि शिकागोजवळचं आर्गॉन इथल्या नोंदी ताडून लहरी सापडल्याचं जाहीर केलं, आणि जगभर खळबळ उडाली. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिड डग्लस यांच्या नोंदीही त्यांनी मागवून घेतल्या. त्याही आपल्या नोंदींशी जुळतात, असं ते सांगू लागले.

मग घड्याळाचा घोळ बाहेर आला. एका प्रयोगशाळेच्या नोंदी ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे होत्या आणि दुसरीच्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या उन्हाळी वेळेप्रमाणे. वेबर यांनी ‘एकाच क्षणी’ म्हणून ज्या थरथरी जुळवल्या होत्या, त्यांच्यात प्रत्यक्षात चार तासांचं अंतर होतं.

म्हणजे नोंदी जुळतच नव्हत्या, तरी जुळल्या होत्या. शोधायला बसलं की जुळतंच. पत्रिका पाहणाऱ्या गुरुजींना हे वेगळं सांगायला नको. म्युनिक, ग्लासगो, मॉस्को अशा ठिकाणच्या गटांनीही दंडगोल टांगून पाहिले, त्यांना काही मिळालं नाही. वेबर मात्र २०००मध्ये वारले तोवर आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. त्यांची थट्टा करणं सोपं आहे आणि ते बरंही नाही. गुरुत्वीय लहरी पकडायला यंत्र बांधता येईल, हे पहिल्यांदा हाताने करून दाखवणारा माणूस तोच. या प्रकरणाला त्यांच्या चुकीचं नाव दिलं, कारण पुढच्या चाळीस वर्षांत या विषयात देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी एकत्र काम करण्याची जी पद्धत बसवली, तिच्या मुळाशी हीच धास्ती आहे.

आंतरराष्ट्रीय संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झेंड्यांची रांग येते, करारावर सह्या करणारे मंत्री येतात, परिषदेच्या शेवटच्या दिवशीचा सामूहिक फोटो येतो. ते सगळं असतंच. पण दोन देशांतले दोन गट एकच मोजमाप का करतात, याचं खरं कारण रुक्ष आहे. आपण स्वतःला फसवत तर नाही ना, हे आपलं आपल्याला कळत नाही. ते सांगायला दुसरा लागतो, आणि तो आपल्या हाताखालचा असून चालत नाही.

वेबरनंतर दंडगोल मागे पडले आणि लेसरची यंत्रं आली. लायगो हे त्यातलं सर्वात गाजलेलं. अमेरिकेत एक वेधशाळा वॉशिंग्टन राज्यातल्या हॅनफर्डला, दुसरी लुइझियानातल्या लिव्हिंग्स्टनला, दोहोंत सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर. प्रत्येक वेधशाळा म्हणजे इंग्रजी ‘एल’च्या आकारात, काटकोनात निघालेल्या चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या. एकच लेसर किरण दुभंगून दोन्हींत पाठवायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही भुजांच्या लांबीत फरक पडला का ते पाहायचं. फरक तरी केवढा? प्रोटॉनच्या व्यासाचा काहीशेवा हिस्सा. इतकं नाजूक कान लावून बसलं की जगातला यच्चयावत गोंगाट ऐकू येतो. समुद्राच्या लाटा, वारा, महामार्ग, झाडं तोडणारी यंत्रं. म्हणून दोन जागा हव्यातच. आणि ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लावायला शेकडो डोकी.

ही डोकी १९९७ साली लायगो सायंटिफिक कोलॅबोरेशन या नावाखाली एकत्र आली. जर्मनीत हॅनोव्हरजवळचा सहाशे मीटर भुजांचा ‘जिओ ६००’ त्यातच होता. इटलीत पिसा शहराजवळ कॅशिनाला फ्रान्स आणि इटलीने मिळून उभारलेली ‘व्हर्गो’ मात्र वेगळी संस्था, खरं म्हणजे स्पर्धक. २००७ साली लायगो आणि व्हर्गोने करार केला: माहिती एकमेकांना उघडी करायची, विश्लेषण मिळून करायचं, शोध कुणाच्याही यंत्रात लागला तरी निबंध दोघांच्या नावावर जाईल. शेवटचं कलम वाचताना साधं वाटतं. आठ वर्षांनी त्याची कसोटी लागली.

आपल्याकडचा धागा याच्याही आधीचा आहे, आणि तो मोठ्या यंत्रांशी नव्हे, कागद-पेन्सिलीशी जोडलेला आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस संजीव धुरंधर यांनी कार्डिफच्या बर्नार्ड शुट्झ यांच्याबरोबर या विषयावर काम केलं आणि पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात त्याचा गट बांधला. आयुका तेव्हा नवी होती, जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभारलेली. लायगोच्या वेधशाळांची वीटही बसलेली नव्हती, तेव्हा हा गट एका व्यावहारिक प्रश्नावर काम करत होता: लहर आली तर ती गोंगाटातून ओळखायची कशी?

जत्रेत हरवलेलं पोर आईला हाक मारतं. आजूबाजूला पिपाण्या, पाळणे, लाउडस्पीकर. आवाजाच्या जोराने पाहिलं तर ती हाक कुणालाच ऐकू येऊ नये. पण आईला येते, कारण तिच्या कानात त्या हाकेचा साचा आधीपासून बसलेला असतो. एकमेकांभोवती गरगरत येऊन आदळणारे तारे किंवा कृष्णविवरं कशी ‘हाक’ देतील, हे आधी गणिताने काढायचं, असे हजारो साचे तयार ठेवायचे आणि यंत्राच्या नोंदीवर एकेक ठेवून पाहायचा. साचे किती दाट लावायचे, म्हणजे हाक दोन साच्यांच्या फटीतून निसटणार नाही आणि संगणकही थकणार नाही, याचा हिशेब धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांच्या १९९१च्या निबंधात आहे.

साचा अचूक हवा तर त्यामागचं गणित अचूक हवं. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले बाला अय्यर पॅरिसच्या ल्यूक ब्लाँशे आणि तिबो दामूर यांच्याबरोबर ते गणित करत होते. अमेरिकेत क्लिफर्ड विल आणि ॲलन वाइझमन तेच गणित निराळ्या वाटेने सोडवत होते. पानंच्या पानं भरणारी ही आकडेमोड. एका चिन्हाची चूक झाली तर वर्षाचं काम पाण्यात. दोन्ही वाटांचं उत्तर एकच आलं आणि १९९५ साली पाचही जणांनी ते मिळून छापलं. दोन दंडगोलांऐवजी इथे दोन आकडेमोडी होत्या, एवढाच काय तो फरक. या वेळी जुळणी खरी होती.

आता त्या अजब प्रथेकडे येऊ, जी कळली तेव्हा मला हे लोक पहिल्यांदा आपलेसे वाटले. सगळी तयारी झाली, पण लहर काही येईना. वर्षानुवर्षं काहीच न सापडणाऱ्या गटाची नजर मंदावते. नाहीतर उलटं होतं, वेबरसारखं दिसेल त्यात दिसू लागतं. म्हणून मोजक्या लोकांना गुपचूप अधिकार दिला होता: आरसे यंत्रानेच किंचित हलवून खोटी लहर सोडायची आणि कुणाला सांगायचं नाही. शेकडो शास्त्रज्ञांना ठाऊक असे की असं होऊ शकतं. कधी होईल, होईल की नाही, ते ठाऊक नसे.

१६ सप्टेंबर २०१० रोजी एक सुरेख लहर नोंदली गेली. ती बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेकडून आल्यासारखी वाटत होती, म्हणून तिचं टोपणनाव ‘बिग डॉग’ पडलं. सहा महिने अनेक देशांतले गट तिच्या मागे होते. चाळण्या लावल्या, शंका काढल्या, भांडणं झाली, शोधनिबंधाचा मसुदा शब्दाशब्दावर घासून तयार झाला. मार्च २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडिया गावी सगळे जमले आणि लहर खरी की पेरलेली हे सांगणारं ‘पाकीट’ उघडलं. लहर खोटी होती.

आपल्या एखाद्या खात्यात असं कुणी केलं असतं तर चौकशी समिती बसली असती. इथे या खोट्या लहरीने पुढच्या खऱ्या लहरीची रंगीत तालीम करून घेतली. मसुद्यावर सहमती व्हायला किती दिवस लागतात, कुठला गट कुठे अडून बसतो, हे सगळं एकदा होऊन गेलं.

खरी लहर आली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी. यंत्रं नुकतीच अद्ययावत झाली होती, निरीक्षणांचा अधिकृत प्रारंभ आणखी चार दिवसांनी होता. लिव्हिंग्स्टनला दोन शास्त्रज्ञ रात्रभर चाचण्या घेत होते. वेधशाळेजवळ गाडीचे ब्रेक करकचून दाबले तर यंत्राला काय ऐकू येतं, अशा धर्तीच्या. पहाटे चारच्या सुमारास त्यांनी आवरतं घेतलं. सुमारे पाऊण तासाने, तिथल्या घड्याळात ४ वाजून ५० मिनिटं झाली असताना, लहर लिव्हिंग्स्टनमधून गेली आणि सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डमधून. सगळा खेळ सेकंदाच्या पाचव्या भागाचा. आणखी तासभर ब्रेक दाबत बसले असते तर? त्यांना हा प्रश्न किती वेळा विचारला गेला असेल कुणास ठाऊक.

अमेरिका झोपेत होती. जर्मनीत मात्र जेवणाची वेळ व्हायची होती. हॅनोव्हरच्या आइन्स्टाइन संस्थेत मार्को द्रागो हा तरुण इटालियन संशोधक संगणकाने पाठवलेली सूचना पाहत होता. आकृती इतकी स्वच्छ होती की त्याचा पहिला समज एकच: ही पेरलेली असणार. त्याने शेजारच्या सहकाऱ्याला दाखवली, मग दोघांनी अमेरिकेतल्या नियंत्रणकक्षांना फोन लावले. लिव्हिंग्स्टनहून उत्तर मिळालं, इथे सगळं ठीक आहे. शेवटी त्याने सर्व सदस्यांना ईमेल केली: कुणी खोटी लहर सोडली आहे का? पुण्यात तेव्हा दुपार सरत आली होती. लहर आली ती आपल्या ३ वाजून २० मिनिटांनी.

कुणीही सोडलेली नव्हती. ज्यांच्याकडे पाकिटाचा अधिकार होता त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. एवढ्यावरही समाधान झालं नाही. एखाद्या जाणकाराने खोडसाळपणे बनावट लहर घुसवली असेल का, याचा तपास करायला वेगळा गट नेमला. आपल्यातल्याच हुशार माणसांची यादी करायची आणि यांपैकी कुणाला हे जमलं असतं का, ते शोधायचं. मैत्रीच्या गप्पांत बसणारं काम नव्हे हे, पण कुणी नाक मुरडल्याचं दिसत नाही.

मग वेबरांचं भूत उतरवायची वेळ आली. दोन्ही यंत्रं हात न लावता तशीच चालू ठेवली आणि दोन्ही एकत्र चालू असतानाच्या सोळा दिवसांच्या नोंदी जमा केल्या. आता एका वेधशाळेचं घड्याळ मुद्दाम चुकीचं लावायचं. हॅनफर्डच्या नोंदी थोड्या पुढे सरकवायच्या आणि लिव्हिंग्स्टनशी जुळतात का पाहायचं. सरकवल्यावर जे जुळेल ते खोटंच असणार, कारण एका वेधशाळेतून दुसरीकडे जायला लहरीला दहा मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागूच शकत नाही. असं लक्षावधी वेळा, दर वेळी निराळ्या अंतराने सरकवायचं. निव्वळ योगायोगाने इतकी जोरकस जुळणी किती वेळा होते, त्याचा अंदाज मिळतो. उत्तर आलं: २,०३,००० वर्षांत एकदाही नाही. घड्याळं सरकवून योगायोग मोजण्याची ही युक्ती मुळात वेबर यांनीही वापरलेली. चार तासांची त्यांची चूक नकळत झाली होती, हे लोक तीच चूक ठरवून, मोजून, पुन्हा पुन्हा करत होते.

हे सगळं पाच महिने गुपचूप चाललं. हजार माणसांचं गुपित ते, पंधरा दिवसांतच ट्विटरवर कुजबुज सुरू झाली. तरी कुणी अधिकृत तोंड उघडलं नाही, कारण घाईचं ताजं उदाहरण समोर होतं. मार्च २०१४मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या ‘बायसेप २’ दुर्बिणीच्या गटाने विश्वाच्या जन्मवेळच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं होतं. आकाशगंगेतली धूळ तशीच खूण उमटवते, आणि धुळीचा सर्वात चांगला नकाशा होता युरोपच्या ‘प्लांक’ उपग्रहाकडे. दोन्ही गट प्रतिस्पर्धी, प्लांकची माहिती तेव्हा खुली झालेली नव्हती. तेव्हा बायसेपच्या मंडळींनी प्लांकच्या एका व्याख्यानातली स्लाइड मिळवली, चित्रातल्या रंगांवरून आकडे काढले आणि ते गणितात वापरले. जगातल्या उत्तमोत्तम शास्त्रज्ञांनी शेजाऱ्याच्या भिंतीवरून डोकावून नोंदी उतरवून घ्याव्यात तसा प्रकार. पुढे दोघे एकत्र बसले, खऱ्या नोंदी ताडल्या. जानेवारी २०१५मध्ये निष्कर्ष निघाला की त्या खुणेतून धूळ वजा केली तर दाव्याला आधार उरत नाही. एक करार वेळेवर झाला असता तर वर्षभराची शोभा टळली असती, असं माझं मत.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी राजधानी वॉशिंग्टनमध्ये लायगोची घोषणा झाली. १३० कोटी प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या ३६पट आणि २९पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन झाली होती. शोधनिबंधावर हजाराच्या वर नावं. व्हर्गोच्या लोकांचीही, आणि १४ सप्टेंबरला व्हर्गो बंद होती! तिचं नूतनीकरण चालू होतं. २००७च्या कलमाप्रमाणे नावं टाकली गेली. या साऱ्या कहाणीत मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट तीच, जरी तिचा फोटो कुठे छापून आला नाही.

नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावायची हीही प्रथा. त्यामुळे यादीत पहिले बी. पी. ॲबट. शतकातला हा निबंध जगभर ‘ॲबट आणि इतर’ म्हणून उद्धृत होतो. रोमन लिपीच्या क्रमात आपले अभ्यंकरही ॲबटांच्या मागेच उभे राहिले असते. ‘इतर’मध्ये धुरंधर आहेत, अय्यर आहेत, सत्यप्रकाश आहेत, आणि यंत्राच्या एखाद्या सुट्या भागावर पीएचडी करणारी पंचविशीतली मुलंही. पहिल्या लेखकाला जास्त गुण देणाऱ्या आपल्या बढतीच्या तक्त्यांत ही माणसं कशी बसवायची, हा प्रश्न प्राध्यापकांना खरोखरच पडतो. नोबेलचीही तीच अडचण. २०१७चं पारितोषिक लायगोच्या वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना मिळालं, कारण तिघांपलीकडे ते देता येत नाही. लेसरयंत्रात मोठा वाटा असणारे रॉनल्ड ड्रेव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते.

व्हर्गोचं ऋण फार काळ राहिलं नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन दोन्हीकडे ठळक उमटली (लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत नेमका त्याच वेळी यंत्राचा एक खरखराट घुसला होता, तो वेगळा काढावा लागला). व्हर्गो चालू होती, पण तिला जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही. आणि हाच पुरावा ठरला! प्रत्येक यंत्राला आकाशाच्या काही दिशांनी बहिरेपण असतं. व्हर्गोला ऐकू आलं नाही, म्हणजे तारे तिच्या बहिऱ्या दिशांपैकी एकीत असणार. शोधायचा पट्टा आकसून २८ चौरस अंशांवर आला. पौर्णिमेचे सुमारे १४० चंद्र मावतील एवढा. लहरीनंतर अकराएक तासांनी चिलीतल्या लास कंपानासच्या एक मीटर दुर्बिणीने १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेत तो नवा ठिपका टिपला. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाला त्या वेळचा गॅमाकिरणांचा झोत दिसला नाही, कारण मध्ये पृथ्वी आडवी होती. तीही साक्ष उपयोगी पडली. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही त्या जागेकडे कान लावले. सत्तरेक वेधशाळांचा जो एकत्रित निबंध निघाला, त्यावर साडेतीन हजारांच्या आसपास नावं आहेत.

पट्टा आणखी आकसायचा तर वेधशाळा एकमेकींपासून लांब हव्यात. म्हणून हॅनफर्डसाठी बनवलेला तिसरा संच अमेरिकेने बाहेर द्यायचं ठरवलं, तो प्रथम ऑस्ट्रेलियाला. तिथल्या सरकारला २०११च्या मुदतीत पैसे उभे करता आले नाहीत. भारतातल्या शास्त्रज्ञांनी २००९मध्येच ‘इंडिगो’ नावाने मोट बांधली होती, ती तेव्हा कामी आली. लायगोच्या घोषणेनंतर सहाव्या दिवशी केंद्राची तत्त्वतः मंजुरी आली. आपल्या मानाने हा विक्रमच. पुढची, म्हणजे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी यायला एप्रिल २०२३ उजाडलं. यंत्राच्या जटिल भागांची जबाबदारी लायगोची. जागा, इमारती, निर्वात नळ्या आपल्या. इंदूरचं आरआरकॅट, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका ही आपल्याकडची मुख्य नावं.

जागा आहे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा याच औंढ्याची. देवळाचं तोंड कुठे, हा प्रश्न तिथल्या लोकांना नवा नाही. वेधशाळेलाही तोच प्रश्न असतो. अमेरिकेतल्या दोन ‘एल’च्या भुजा एकाच लहरीला सारखा प्रतिसाद देतील अशा बेताने रोखलेल्या आहेत. पृथ्वी गोल असल्यामुळे औंढ्याच्या ‘एल’चं आकाश निराळं असेल, आणि त्यांना जे ऐकू येत नाही त्यातलं काही याला ऐकू येईल. औंढ्याहून अमेरिकेतल्या वेधशाळांपर्यंत पृथ्वीच्या पोटातून थेट गेलं तरी प्रकाशाला ३५ ते ४० मिलिसेकंद लागतात. हॅनफर्ड-लिव्हिंग्स्टनमधल्या दहा मिलिसेकंदांपुढे हे अंतर मोठं.

घड्याळाचं काय? कॅलिफोर्नियात सकाळी आठला बैठक ठेवली की पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ वाजतात आणि हिवाळ्यात साडेनऊ. माणसांच्या वेळांचा हा घोळ काही मिटत नाही. नोंदींपुरता मात्र तो मिटवला आहे. सगळ्या वेधशाळा ६ जानेवारी १९८० पासून मोजत आलेल्या जीपीएसच्या सेकंदांत वेळ लिहितात, तिला ना ग्रिनिच, ना उन्हाळी वेळ, ना आपला साडेपाच तासांचा फरक. १४ सप्टेंबर २०१५ची ती लहर हॅनफर्डच्या, लिव्हिंग्स्टनच्या, हॅनोव्हरच्या आणि पुण्याच्या संगणकांवर एकाच आकड्याखाली ठेवलेली आहे: ११२६२५९४६२.